दर ऑगस्टला माणसं जातात, तरी जीव लावायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिककडची एक शिक्षिका गेल्या ऑगस्टपासून दक्षिण कोरियात, ग्योंगसांगनाम प्रांतातल्या एका लहान गावात, सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवते आहे. ओरिएंटेशनला, म्हणजे नव्या परदेशी शिक्षकांच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाला, भेटलेल्या तिच्या तीन मैत्रिणी येत्या ऑगस्टमध्ये करार संपवून आपापल्या देशी परतणार आहेत. शाळेतल्या ज्या को-टीचरशी, म्हणजे वर्गात सोबत शिकवणाऱ्या कोरियन शिक्षिकेशी, सूत जुळलं होतं, तिची फेब्रुवारीत बदली झाली आणि तिने जाताना सांगितलंसुद्धा नाही. ही मात्र अजून एक वर्ष राहणार. ती विचारते, "नव्या ओळखी करायची इच्छाच उरली नाही. वर्षभरात पुन्हा तेच होणार. मुलांनाही फार जीव लावू नये असं वाटायला लागलंय. तुम्ही हे कसं निभावलंत?"

मी २०१२ च्या ऑगस्टपासून २०१८ च्या ऑगस्टपर्यंत त्याच प्रांतात होते, जिंजू शहराच्या आसपासच्या दोन शाळांत. दर फेब्रुवारीला आणि दर ऑगस्टला परदेशी शिक्षकांची एक तुकडी यायची, एक जायची. वयाने मोठी आहे म्हणून सरळ 'तू' म्हणते. कोरियात राहतेस, तेव्हा वय विचारून मग बोलायची सवय तुलाही झाली असेल.

आधी तुझ्या को-टीचरबद्दल बोलू. मैत्रिणींचं जाणं अजून व्हायचंय. झालेली जखम ही आहे, आणि ऑगस्टकडे तू त्याच जखमेतून बघते आहेस असं मला वाटतं.

कोरियात सरकारी शाळेतले शिक्षक एका शाळेत कायमचे राहत नाहीत. साधारण चार-पाच वर्षं झाली की बदली ठरलेली. नवं शालेय वर्ष मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं आणि बदल्या जाहीर होतात फेब्रुवारीत. म्हणजे आपली नवी शाळा कोणती, हे खुद्द त्या शिक्षकाला जेमतेम दोन-तीन आठवडे आधी कळतं, तेही शाळेला सुटी असताना किंवा शाळा चारच दिवस भरत असताना. आपल्याकडे झेडपीच्या गुरुजींची बदली झाली की शाल-श्रीफळ होतं, मुलं रडतात, अर्धं गाव एसटीपर्यंत सोडायला येतं. तेच चित्र डोक्यात घेऊन आपण तिकडे गेलेलो असतो. मग एक दिवस टेबल रिकामं दिसतं आणि आपली किंमत आपल्याला कळली असं वाटतं.

माझ्याबाबतीत हे २०१४ च्या फेब्रुवारीत झालं. हिवाळ्याच्या सुटीत मी साताऱ्याला आले होते. परत जाताना को-टीचरसाठी कंदी पेढ्यांचा पुडा नेला, कारण आदल्या वर्षी तिने एकटीने अर्धा पुडा संपवला होता. शाळेत गेले तर तिच्या टेबलावर फक्त माऊसचं पॅड आणि खिडकीतलं एक कुंडीतलं रोप. तिची बदली झाली होती. मी तो पुडा फ्रीझरमध्ये टाकला आणि महिनाभर तिला एक अक्षर पाठवलं नाही. शेवटी मार्चच्या अखेरीस मीच मेसेज केला आणि शनिवारी बस पकडून तिच्या नव्या गावी, साचॉनला गेले. ती म्हणाली, "मला नऊ दिवस आधी कळलं. तू आईकडे होतीस. सुटीत तुझं मन कशाला खट्टू करायचं?" तिच्या मते तिने माझी काळजी घेतली होती. माझ्या मते तिने मला वाऱ्यावर सोडलं होतं. आम्ही दोघीही खरं बोलत होतो. पेढे मऊ पडले होते, पण तिने खाल्ले.

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा 'ऑन्नी' म्हटलं, म्हणजे ताई. हे नीट समजून घे, कारण कोरियातल्या मैत्रीचं दार इथेच आहे. 'चिंगू' हा शब्द आपण मित्र म्हणून पाठ करतो, पण त्यांच्या लेखी चिंगू म्हणजे बरोबरीच्या वयाचा मित्र. दोन-चार वर्षांनी मोठी असलेली सहकारी कधीच 'चिंगू' होत नाही. ती ऑन्नी होते, किंवा वर्षानुवर्षं 'सॉन्सेंगनिम', म्हणजे 'बाई', अशी दूरचीच राहते. इंग्रजी देशांतून आलेल्या माझ्या मैत्रिणींना हे फार जड जायचं. त्यांना वाटायचं, ही आपल्याला मैत्रीण मानतच नाही. आपल्याला मात्र हे घरचंच आहे. शेजारची ताई, वहिनी, काकू यांच्याशी आपली मैत्रीच असते, फक्त तिला आपण मैत्री म्हणत नाही.

आणखी एक शब्द तुझ्या कानावर आला असेल, 'जॉंग'. आपल्या 'लळा' या शब्दाच्या अगदी जवळचा. हा जॉंग बोलून दाखवत नाहीत. तो टेबलावर ठेवलेल्या पर्सिमनच्या फळात असतो, किमजांगच्या, म्हणजे हिवाळ्यासाठी किमची घालायच्या, दिवसांत न मागता आलेल्या किमचीच्या डब्यात असतो. भांडूनतंडूनही तो लागतो, आणि त्याला त्यांच्याकडे वेगळं नाव आहे, 'मिउन जॉंग'. तेव्हा तुझ्या को-टीचरने किती सांगितलं यापेक्षा, वर्षभरात तिने तुझ्या टेबलावर काय काय ठेवलं ते आठवून बघ.

एक सावधगिरी मात्र हवी. "पाप हानबॉन मॉक्जा", म्हणजे "एकदा जेवू या", हे वाक्य ऐकलंस की लगेच तारखेची वाट बघू नकोस. ते आपल्या "या ना कधीतरी घरी" सारखं आहे. वार आणि वेळ ठरली, तरच जेवण.

आता परदेशी मैत्रिणींचं.

इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि माझा अनुभव जसाच्या तसा तुला लागू होईलच असं नाही. सोल किंवा बुसानमध्ये राहणाऱ्याला दर आठवड्याला नवी माणसं भेटतात. तुझ्या गावात कदाचित तू एकटीच परदेशी असशील. खासगी शिकवणीत, म्हणजे हागवॉनमध्ये, करार कधीही सुरू होतात आणि कधीही संपतात, त्यामुळे तिथे सगळे एकदम जात नाहीत. आणि आपल्या पासपोर्टचाही प्रश्न आहेच. इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी. भारतीयांना ती वाट खुली झाली २०१० च्या जानेवारीपासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे, तीही पदवी आणि शिक्षकाची पात्रता असेल तरच. म्हणून ओरिएंटेशनच्या सभागृहात अमेरिकन आणि ब्रिटिश घोळक्यांत आपण एकटेच उरतो. याचा फायदाही मी पाहिला. ज्यांना आपल्या देशाचा घोळका असतो ती माणसं त्यातच राहतात. मला दक्षिण आफ्रिकेची एक, आयर्लंडचा एक आणि जिंजूच्या विद्यापीठात पीएचडी करणारी तमिळ, तेलुगू, बांगलादेशी मुलं अशी मिसळ मिळाली.

ओरिएंटेशनच्या मैत्र्या इतक्या झटपट का जुळतात, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. पहिले काही आठवडे तुझ्याकडे परदेशी नोंदणीचं कार्ड नसतं. कार्ड नाही म्हणून आपल्या नावावर नेहमीचं फोन कनेक्शन घेता येत नाही. विजेचं बिल वाचता येत नाही. कचरा टाकायच्या पिशव्या नगरपालिकेच्याच विकत घ्याव्या लागतात आणि ओला कचरा वेगळा, हे कुणीतरी सांगावं लागतं. ज्या माणसासोबत तू तापाने फणफणलेली असताना दवाखाना शोधलास, ते माणूस तीन आठवड्यांत तीन वर्षांचं होतं. काही जण म्हणतात की ही गरजेपुरती मैत्री, खरी नव्हे. मला ते पटत नाही. गरज खरी होती, हात देणारी खरी होती. ती मैत्री किती टिकेल हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी तुला स्पष्ट देते: बहुतेक टिकत नाहीत. सहा वर्षांत ज्यांच्या घरी मी जेवले अशी चाळीसेक माणसं असतील. आज ज्यांच्याशी खरोखर बोलणं होतं ती चार. आधी रोज मेसेज, मग आठवड्याला, मग नव्या वर्षाच्या शुभेच्छा. काकाओटॉक या तिकडच्या मेसेजिंग ॲपवरच्या गटातून एकेक जण बाहेर पडतो. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं.

माझ्या मनात जी सल राहिली, ती टिकल्या नाहीत त्या मैत्र्यांची नाही. जिथे निरोपच झाला नाही, तिथली आहे. म्हणून या ऑगस्टसाठी काही सांगते.

जाणाऱ्या माणसाचा शेवटचा महिना त्याचा नसतो. बँकेचं खातं, वर्षभराच्या नोकरीची तोएजिकगुम म्हणजे एका पगाराएवढी रक्कम, घराच्या किल्ल्या, विकायची सायकल, बॅगेचं वजन. शेवटच्या आठवड्यात एक मोठी पार्टी होते, गाल्बीच्या, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या, दुकानात पंधरा जण बसतात, धूर, फोटो, आणि कुणाचंच कुणाशी बोलणं होत नाही. त्या पार्टीला जा, पण तिला निरोप समजू नकोस. तिघींना वेगवेगळं भेट, आणि जुलै संपायच्या आत. काहीतरी खास करायला जाऊ नका. जे नेहमी एकत्र करत होतात तेच करा. बाजारात जात असाल तर बाजारात जा. काही राग असेल तर तो तिथेच बोलून टाक. विमानानंतर तो राग मिटवायला कुणाला वेळ नसतो.

माझी दक्षिण आफ्रिकेची मैत्रीण दोन वर्षांनी गेली तेव्हा आम्ही तीन आठवडे आधी नामगांग नदीच्या काठाने किल्ल्यापर्यंत चालत गेलो. दर रविवारी तेच करायचो. तिथे जे बोलायचं ते बोललो. जायच्या दिवशी पहाटे चार वाजता मी टर्मिनलवर गेले तेव्हा बोलायला काही उरलंच नव्हतं. तिने माझ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली. फ्रीजमध्ये उरलेली सहा अंडी. "फेकवली नाहीत," म्हणाली. इंचॉन विमानतळाची बस सुटली आणि मी अंडी सांभाळत नदीकाठाने घरी आले. दुसऱ्या दिवशी अंडाकरी केली आणि ताट पुढ्यात घेऊन खूप रडले. पण ते रडणं स्वच्छ होतं. पेढ्यांच्या वेळी रडूच आलं नव्हतं, आणि ते वाईट होतं.

वस्तूंचंही बोलते, कारण आमच्यात एक कुकर होता. तीन लिटरचा, भारतातून कुणीतरी कधीतरी आणलेला. मला तो २०१२ मध्ये मदुराईच्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने जाताना दिला. त्यालाही तो आधीच्या कुणाकडून मिळाला होता. दांड्याच्या आतल्या बाजूला नेलपेंटने आद्याक्षरं रंगवलेली, चार माणसांची. पाचवी माझी. २०१८ मध्ये मी नवी शिट्टी आणि रबर घालून तो एका बांगलादेशी जोडप्याला दिला. तुझ्या मैत्रिणी काही देऊ करतील तर संकोच न करता घे. आणि तू निघशील तेव्हा सगळं विकू नकोस, एखादी वस्तू पुढच्या माणसाला दे.

मुलांबद्दल तू विचारलंस त्याचं उत्तर मी ठामपणे देते: जीव कमी लावू नकोस. दर मार्चमध्ये कोरियातल्या मुलांचे वर्ग नव्याने पाडले जातात, वर्गशिक्षक बदलतात, बाकावरचा सोबती बदलतो. निरोपाची सवय त्यांना तुझ्यापेक्षा जास्त आहे. जपायला हवं ते एवढंच, की त्यांना अंधारात ठेवून जाऊ नये आणि खोटं वचन देऊ नये.

कधी सांगायचं हे को-टीचरसोबत ठरव. वरच्या वर्गांना मी दोन आठवडे आधी सांगायचे, पहिली-दुसरीला आठवडाभर आधी. अगदी शेवटच्या तासाला सांगितलं तर मुलं गोंधळतात आणि लिहायला, चित्र काढायला त्यांना वेळ मिळत नाही. हागवॉनमध्ये हे तुझ्या हातात नसतं. माझ्या एका मैत्रिणीला तिथल्या मालकाने बजावलं होतं की पालकांना आणि मुलांना शेवटपर्यंत कळता कामा नये, कारण शिक्षक जाताहेत कळलं की पालक मुलं काढून नेतात. ती शुक्रवारी "सोमवारी भेटू" म्हणून निघाली आणि वर्षभर त्या वाक्याने हैराण होती. असं ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना मी म्हणते, पुढच्या शिक्षकासाठी एक चिठ्ठी ठेवा. कोण लाजतो, कोण डावखुरा आहे, कुणाला मोठ्याने वाचायला लावू नये. मुलांपर्यंत काहीतरी पोचतं.

खोट्या वचनाची चूक मी स्वतः केली आहे. पहिली शाळा सोडताना तिसरीतल्या एका मुलीला सांगितलं, "खेळाच्या दिवशी येईन." गेले नाही. त्या दिवशी तिने दोनदा विचारलं की टीचर कुठे बसली आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून "परत येईन" हे शब्द मुलांसमोर मी कधी उच्चारले नाहीत. आपल्याला ते अवघड जातं, कारण आपण घरातून निघतानाही "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. कोरियनमध्ये जाणाऱ्याला म्हणतात "आन्न्योंगी गासेयो", सुखरूप जा, आणि जाणारा मागे राहणाऱ्याला म्हणतो "आन्न्योंगी गेसेयो", सुखरूप राहा. दुपारी मुलं घरी जायची, मी राहायचे, त्यामुळे मुलं मला कायम "गेसेयो" म्हणायची. शेवटच्या दिवशी फाटकापाशी रांग लावून सगळी "गासेयो" म्हणाली, आणि पहिलीतला एक जण सवयीने "गेसेयो" म्हणून गेला.

भेटवस्तूंचं एक लक्षात ठेव. २८ सप्टेंबर २०१६ पासून लाचविरोधी कायदा शाळांनाही लागू आहे, आणि आपल्या वर्गातल्या मुलाकडून शिक्षकाने साधी कॉफीसुद्धा घ्यायची नाही असा त्याचा अर्थ लावला जातो. त्याआधी निरोपाला मोजे आणि हँडक्रीम यायचं, ते बंद झालं. कुणी आणलंच तर प्रेमाने परत कर आणि चिठ्ठी माग. रोलिंग पेपर मिळेल, एका मोठ्या कागदावर सगळ्या वर्गाने लिहिलेलं. माझ्याकडे सहावीचा एक आहे. त्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा आहे, ज्याने वर्षभर कोणत्याही प्रश्नाला "आय लाइक चिकन" एवढंच उत्तर दिलं. कोपऱ्यात त्याने लिहिलंय: "टीचर. आय लाइक चिकन. थँक यू." बाकीच्यांनी फोनवर भाषांतर करून लांबलचक लिहिलंय. ते वाचताना माझं लक्ष त्याच कोपऱ्याकडे जातं.

तू मागे राहणारी आहेस, आणि मागे राहणं जाण्यापेक्षा कठीण. ऑगस्टच्या अखेरीस दहा-पंधरा दिवस गाव ओसाड वाटेल. त्या दिवसांत जबरदस्तीने कुणाशी ओळख वाढवू नकोस, थकलेली असशील. पण नवी तुकडी आली की एका शनिवारी जाऊन एखाद्या नवख्याला कचऱ्याच्या पिशव्या कुठे मिळतात तेवढं दाखव. गेल्या ऑगस्टला तुला कुणीतरी दाखवलंच असेल.

मग येईल च्युसोक, कोरियन लोकांचा मोठा सण. त्यांच्या आठव्या चांद्रमहिन्याची पौर्णिमा, आणि बहुतेक वर्षी ती आपल्या अनंत चतुर्दशीला लागूनच येते. सगळे कोरियन आपापल्या गावी जातात, दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि तिकडे घरी गणपती बोळवलेला. सहा वर्षांतले माझे सगळ्यात एकटे दिवस तेच होते. त्यातल्याच एका च्युसोकला फोनवर आईशी बोलताना मला जाणवलं, की आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि दीड दिवसाचाच म्हणून आईने आरास किंवा मोदक कधी कमी केले नाहीत. तुझी अडचण मी हलकी करत नाही. पण दोन दिवसांसाठी मखर बांधणाऱ्या घरातून आपण आलोय, हे मला तेव्हा उपयोगी पडलं.

च्युसोकचे तीन दिवस आत्ताच कुणासोबत तरी ठरवून ठेव. शक्य असेल तर एखाद्या कोरियन घरी, "सुटीत काय करणार आहेस?" असं कुणी विचारलं तर "काही नाही" असं खरं सांग, बोलावणं येतं. बसची तिकिटं लवकर संपतात.

आणि त्या को-टीचरला आजच मेसेज कर. इंग्रजीत नको, कोरियनमध्ये कर, चुकलं तरी चालेल. तिच्या नव्या शाळेत दुपारच्या जेवणाला काय असतं ते विचार. शनिवार मोकळा आहे का विचार. ऑन्नी म्हटलं तर चालेल का, हेही तिलाच विचार.